गावाचा परवाना, परगावचा आवाज

अमेरिकेत दोन हजारांहून जास्त रेडिओ केंद्रं कंट्री संगीत, म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून वर आलेलं संगीत, वाजवतात. केंद्रांची संख्या मोजली तर दुसरा कुठलाही संगीतप्रकार तिथल्या रेडिओवर इतका पसरलेला दिसत नाही. त्यातली पुष्कळ केंद्रं लहान गावांत आहेत. पाच-दहा हजारांची वस्ती, धान्याची उंच कोठारं, एक मुख्य रस्ता, हायस्कूलचं फुटबॉल मैदान आणि गावाबाहेर शेतात उभा केलेला प्रक्षेपणाचा मनोरा. तिथून जाताना मोटारीतला रेडिओ लावावा, तर एक मोकळाढाकळा, खर्जातला आवाज गावाचं नाव घेतो आणि आज आपल्याकडे ऊन चांगलं पडलंय असं सांगतो. पुष्कळदा त्या माणसाने ते गाव पाहिलेलंही नसतं. दुसऱ्या राज्यातल्या स्टुडिओत बसून त्याने दहा-बारा वाक्यं बोलून ठेवलेली असतात. गावाचं नाव बदलून तशीच वाक्यं आणखी तीन-चार केंद्रांसाठीही. रेडिओवाले याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात.

यात बेकायदेशीर काहीच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. रेडिओ केंद्र चालवायला सरकारचा परवाना लागतो, आणि अमेरिकेत तो परवाना एका ठरावीक गावाच्या नावाने दिला जातो. रेडिओलहरी मर्यादित असतात, त्या कुणाच्या बापाच्या नसतात, म्हणून ज्याला त्या वापरायला मिळतात त्याने 'सार्वजनिक हित, सोय आणि गरज' पाहावी, असं 1927च्या रेडिओ कायद्यापासून तिथे लिहिलेलं आहे. 1969मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही श्रोत्याचा हक्क प्रक्षेपकाच्या हक्काहून मोठा मानला. मग ज्या गावाच्या नावाने परवाना दिला, त्या गावात केंद्राचा एकही माणूस नसला तरी चालतं, हे कुठल्या हिताच्या खात्यात बसतं? परवाना हवा असेल तर गावात माणूस ठेवा, आणि एकाच गावात जितकी केंद्रं जास्त तितकी ही अट कडक, एवढंच मला म्हणायचं आहे. ऐकायला साधं वाटतं. पण गेल्या तीस वर्षांत अमेरिकेने बरोबर उलट्या दिशेने पावलं टाकली, आणि तीही गावाचंच नाव घेऊन.

आधी अशा केंद्रावर काय वाजतं ते पाहू, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की तिथे गाणी वाजतात. गाणी वाजतातच. पण जुन्या श्रोत्याला विचारलं तर तो आधी सकाळच्या 'स्वॅप शॉप'बद्दल बोलेल. काही ठिकाणी त्याला 'ट्रेडिओ' म्हणतात. लोक फोन करतात आणि थेट प्रक्षेपणातच सांगतात: गवत कापायचं यंत्र विकायचंय, कुत्रा हरवलाय, मांजराची पिल्लं फुकट न्या. मग स्थानिक अंत्यविधीगृहाच्या सौजन्याने गावातल्या मृत्यूंच्या बातम्या. कुणाचा दफनविधी किती वाजता, कुठल्या चर्चमध्ये. मग डुकरांचे आणि मक्याचे भाव. हिवाळ्यात पहाटे पाचला बर्फामुळे कुठल्या शाळा बंद, कुठल्या बस दोन तास उशिरा. शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या सामन्याचं धावतं वर्णन, ज्यात वर्णन करणाऱ्याचा पुतण्या खेळत असतो आणि तो ते लपवतही नाही. या सगळ्याच्या अधेमध्ये गाणी. आपल्याकडे 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांच्या नावांची यादी गाण्याइतकीच कान देऊन ऐकली जायची, त्यातलाच हा प्रकार, फक्त रोजच्या व्यवहारात जास्त रुजलेला.

कंट्री संगीत आणि लहान केंद्र यांची गाठ पहिल्यापासूनच अशी व्यवहाराने बांधलेली आहे. त्यात भाबडेपणा शोधायला जाऊ नये. 1924मध्ये शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राने शेतकऱ्यांसाठी 'बार्न डान्स' सुरू केला. ते केंद्र सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचं होतं आणि तिचं गिऱ्हाईक शेतातच होतं. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमने तसाच कार्यक्रम काढला. त्याचाच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्रीतला सर्वांत नावाजलेला कार्यक्रम झाला. त्या केंद्राची मालक विमा कंपनी. पीठ, विमा, औषधं आणि बी-बियाणं विकण्यासाठी फिडल (व्हायोलिन) आणि बँजो हवेत सोडले गेले, आणि त्यातून एक संगीत उभं राहिलं. पण विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा पत्ता ठाऊक असावा लागे. टेक्सासमधल्या प्लेझंटनच्या चिमुकल्या केंद्रावर निवेदक असलेला विली नेल्सन किंवा लिटलफील्डच्या केंद्रावर शाळकरी वयात गाणारा वेलन जेनिंग्ज हे पुढे कंट्रीचे मोठे गायक झाले, कारण ते राहत होते त्या गावात दार ठोठावता येईल असं एक केंद्र होतं.

लोरेटा लिन या खाणकामगाराच्या मुलीची, पुढे कंट्रीची मोठी गायिका झालेल्या बाईची, गोष्ट तर तिकडे सर्वांनाच माहीत आहे, तरी इथे सांगायलाच हवी. 1960मध्ये ती आणि तिचा नवरा पहिली तबकडी घेऊन मोटारीने गावोगाव निघाले. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका छोट्या कंपनीने काढलेली तबकडी. तिच्या जाहिरातीला पैसे नव्हते. रस्त्यात मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जायचं, निवेदकाशी बोलायचं, गाणं लावायला लावायचं, पुढचं गाव. ते गाणं बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत 14व्या क्रमांकापर्यंत गेलं. आज एखाद्या खाणकामगाराच्या मुलीने हेच करायचं ठरवलं तर? मनोरा दिसेल. मनोऱ्याखालच्या खोलीला बहुधा कुलूप असेल, आत एक संगणक चालू असेल, आणि गाणी कुठली लावायची हे ठरवणारा माणूस दुसऱ्या शहरात पन्नास केंद्रांच्या याद्या एकदम करत बसलेला असेल. ती मुलगी आज गाणं इंटरनेटवर टाकते हे खरं, आणि काही जणी त्यातून वर येतातही. पण तिथे तिचं गाणं जगभरच्या गाण्यांच्या ढिगात पडतं. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाच्या कानावर ते आपसूक पडण्याची सोय गेली.

हा बदल आपोआप झाला नाही. तारीख सांगता येते: 8 फेब्रुवारी 1996. त्या दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. तोवर एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त 20 एएम आणि 20 एफएम केंद्रं ठेवता येत. कायद्याने ही राष्ट्रीय मर्यादाच काढून टाकली आणि एका गावात किती केंद्रं ठेवता येतील तीही वाढवली. परवान्याची मुदत आठ वर्षांची केली. त्याहून महत्त्वाची आणि कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कुणी 'हे केंद्र मी जास्त चांगलं चालवीन' म्हणून स्पर्धेतला अर्ज करायची वाटच बंद केली. पाच-सहा वर्षांत क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे सुमारे 1,200 केंद्रं जमा झाली. समर्थकांचा मुद्दा असा होता की, लहान केंद्रं तोट्यात आहेत. मोठ्या कंपनीत गेली तर खर्च वाटला जाईल आणि ती तगतील. काही अंशी ते खरंही होतं. 1990च्या आसपास पुष्कळ लहान केंद्रांचा हिशेब जुळत नव्हता.

पण खर्च वाटला जाणार म्हणजे काय, हे मायनॉटमध्ये दिसलं. नॉर्थ डकोटा राज्यातलं हे तेव्हा साधारण 36 हजार वस्तीचं शहर. 18 जानेवारी 2002च्या रात्री दीडच्या सुमारास गावालगत कॅनेडियन पॅसिफिकची मालगाडी रुळावरून घसरली. 31 डबे घसरले, पाच टाक्या फुटल्या आणि खत म्हणून वापरला जाणारा निर्जल अमोनिया ढग होऊन झोपलेल्या वस्तीवर पसरला. थंडी कडाक्याची, काही भागांत वीज गेलेली. अशा वेळी लोकांनी घराबाहेर पडावं की दारं-खिडक्या लावून आतच थांबावं, एवढी एकच गोष्ट कळणं जीवनमरणाची होती. बॅटरीवर चालणारा रेडिओ त्यासाठीच असतो. गावातली सहाच्या सहा व्यापारी रेडिओ केंद्रं क्लिअर चॅनेलची होती, त्यात कंट्री वाजवणारंही आणि आणीबाणीच्या सूचनांसाठी नेमलेलंही. पोलिसांनी फोन केले. बराच वेळ कुणाशी बोलणंच होईना. हवेत बाहेरून आलेले कार्यक्रम चालूच राहिले. एक माणूस मेला, शेकडो लोकांना इजा झाली.

कंपनीची बाजूही मांडायला हवी. तिचं म्हणणं होतं की केंद्रात माणूस होता, पण गावकऱ्यांच्या फोनमुळे लायनी अडकल्या होत्या. आणि सूचना थेट हवेत सोडणारी स्वयंचलित यंत्रणा पोलिसांनी वापरली असती तर माणसाची गरजच पडली नसती. यंत्रणेत पोलिसांकडूनही ढिलाई झाली होती, हे मान्य करू. पण या बचावाने मूळ आक्षेप बळकटच होतो. सहा केंद्रं सहा मालकांची असती तर सहा फोन होते, सहा खोल्या होत्या, आणि त्यातला एखादा तरी मालक गावातच झोपलेला असता. पोलिसांनी त्याच्या घराचं दार वाजवलं असतं. खर्च वाटताना तिथे ही शक्यताच निघून गेली.

आता एक अडचण. गावात मुख्य स्टुडिओ ठेवलाच पाहिजे आणि कामाच्या वेळेत तिथे माणसं असली पाहिजेत, असा नियम अमेरिकेत 2002मध्ये होताच. म्हणजे नियम असूनही मायनॉट घडलं. ऑक्टोबर 2017मध्ये रेडिओ परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो नियमही काढून टाकला, आणि स्थानिक किंवा निःशुल्क फोन क्रमांक ठेवा एवढ्यावर भागवलं. त्यावर हळहळणारे लोक पुष्कळदा असं बोलतात की जुना नियम परत आणला की गाव सुधारलं. तसं होणार नाही. रात्री माणसाशिवाय केंद्र चालवायची मुभा 1990च्या दशकाच्या मध्यापासून आहे, आणि दिवसा नऊ ते पाच खुर्चीत बसलेला एक कारकून नियमापुरता पुरेसा होता. त्यात भर म्हणजे नियम काढा अशी मागणी करणाऱ्यांत लहान, एकेकट्या केंद्रांचे मालकही होते. त्यांचं रडगाणं खोटं नव्हतं. नवरा-बायको मिळून जे केंद्र चालवतात, त्यांना स्टुडिओचं भाडं आणि दोन पगार हे ओझंच आहे. त्यांच्या घराच्या तळघरातून प्रक्षेपण झालं तर गावाचं काही बिघडत नाही, कारण ते घरच गावात आहे.

म्हणजे एकच नियम सगळ्यांना लावणं हीच चूक होती. ज्याच्याकडे एक केंद्र आहे त्याला सवलत द्या. ज्याच्याकडे एकाच गावात चार-सहा केंद्रं आहेत, त्याच्याकडून चोवीस तास एक माणूस हक्काने मागा. सहा केंद्रांना मिळून एक, सहा नव्हेत. पाळ्या लावल्या तरी चार-पाच पगार होतात. याहून कमी मागितलं तर परवाना देण्याचं नाटक तरी कशाला करायचं?

माणूस असला की फरक पडतो, हे सिद्ध करायला मला योगायोगाने त्याच कंपनीचं उदाहरण मिळतं. क्लिअर चॅनेलने 2014मध्ये आयहार्टमीडिया असं नाव घेतलं. सप्टेंबर 2024मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ पश्चिम भाग धुऊन नेला. अ‍ॅशव्हिलमध्ये वीज गेली, मोबाइल गेले, इंटरनेट गेलं, नळाचं पाणीही गेलं. तिथल्या आयहार्टच्या केंद्रांनी सगळे नेहमीचे कार्यक्रम थांबवून एकच थेट प्रक्षेपण सुरू केलं. लोक फोन करत होते: अमुक रस्त्यावरच्या माझ्या आईची खबर आहे का, पाणी कुठे मिळतंय, इन्सुलिन कुणाकडे आहे. निवेदक दिवसरात्र उत्तरं देत राहिले. या केंद्रांपैकी डब्ल्यूडब्ल्यूएनसीवर 1927मध्ये कंट्री संगीताचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्स गायला होता. आज तिथे गाणी नाहीत, बोलणंच आहे. मालक तोच, साडेआठशेहून जास्त केंद्रांचा, कर्जात बुडून निघालेला. पण अ‍ॅशव्हिलमध्ये त्याने माणसं ठेवली होती. त्यामुळे मोठी कंपनी म्हणजे वाईट आणि गावचा मालक म्हणजे चांगला अशी सरधोपट मांडणी मी करत नाही. मला खोलीतल्या माणसाशी मतलब आहे. दुर्दैव असं की याच कंपनीने जानेवारी 2020मध्ये देशभरातल्या शेकडो निवेदकांना आणि कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठवलं होतं. अ‍ॅशव्हिलला माणसं उरली होती. पुढचं वादळ जिथे येईल तिथे उरली असतील, याची हमी परवान्यात कुठेच नाही.

गावचा मालक चांगलाच असतो असं नाही, याचाही पुरावा आहे, 2003चा. इराक युद्धाच्या तोंडावर, मार्चमध्ये, डिक्सी चिक्स या तेव्हाच्या सर्वांत लोकप्रिय कंट्री गटाच्या गायिकेने लंडनच्या रंगमंचावर सांगितलं की अध्यक्ष बुश आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. कंट्रीचा श्रोता भडकला. गावोगावच्या केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली, काहींनी तबकड्या रस्त्यावर टाकून चिरडण्याचे कार्यक्रम केले. क्युम्युलस या अटलांटातल्या कंपनीने मात्र आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांना वरूनच आदेश दिला: महिनाभर एकही गाणं नाही. त्यावर जुलैमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि रिपब्लिकन असूनही जॉन मॅकेन यांनी कंपनीच्या प्रमुखाला चांगलंच धारेवर धरलं.

मला गावातल्या केंद्राने घातलेली बंदीही पटत नाही. चिडलेल्या श्रोत्यांच्या दबावाखाली कलाकाराचं तोंड बंद करणं हे कुठेही वाईटच, आणि असला दबाव काय असतो हे महाराष्ट्रात सांगायची गरज नाही. पण दोन बंद्यांत फरक आहे. गावच्या निवेदकाने गाणं काढलं तर दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, मुलाच्या सामन्याला त्याला कुणीतरी विचारतं, का रे बाबा? एखाद्या गावात त्याने काढलं नाही, दुसऱ्या गावात काढलं, असंही झालं. अटलांटाहून निघालेल्या आदेशाला असं विचारायला कुणी भेटत नाही, आणि त्यातून सुटणारं एखादं आडमुठं केंद्रही उरत नाही. माझ्या दृष्टीने मतांतराची शेवटची जागा ते आडमुठं केंद्रच असतं.

यादीचंही तसंच. 2015मध्ये एका रेडिओ सल्लागाराने व्यवसायातल्या एका पत्राला सांगून टाकलं की, कंट्री केंद्राला श्रोते हवे असतील तर बायकांची गाणी कमी लावा. पुरुष गायक हे सॅलडमधली पानं आणि बायका म्हणजे वर टाकायचे टोमॅटो. बराच गदारोळ झाला. (कोल्हापुरात टोमॅटो नावाचं एफएम आहे, त्याचा या सल्ल्याशी काही संबंध नाही.) लोरेटा लिन, पॅट्सी क्लाइन, डॉली पार्टन यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या संगीतात हा सल्ला निघावा हे विचित्र आहे, पण तो एका माणसाचा तिरसटपणा असता तर विसरता आला असता. खरी गोष्ट अशी की शेकडो केंद्रांच्या याद्या थोड्या टेबलांवर बनू लागल्या की कुणाचंतरी असं एक सूत्र सगळ्या देशाला लागू होतं. पूर्वी असा सल्ला देणाऱ्याला सहाशे दारं फिरावी लागली असती आणि निम्म्या दारांतून त्याला हाकलून दिलं असतं.

उलट बाजूचं एक जिवंत उदाहरण आहे. नॉर्थ कॅरोलायनातलं माउंट एअरी, दहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथलं डब्ल्यूपीएक्यू हे केंद्र राल्फ एपर्सन यांनी 1948मध्ये सुरू केलं, आणि दर शनिवारी स्थानिक वादकांना बोलावून थेट कार्यक्रम करण्याचा पायंडा पाडला. 'मेरी-गो-राउंड' नावाचा तो कार्यक्रम अजून चालतो. त्या भागातल्या राउंड पीक परिसराची फिडल-बँजोची खास शैली आहे, टॉमी जॅरल हा तिचा थोर वादक. कंट्रीची बाजारपेठ असलेल्या नॅशव्हिलमध्ये या शैलीला काडीची किंमत नव्हती. रेडिओवर दर आठवड्याला ती वाजत राहिली, शेजारपाजारची पोरं ऐकत राहिली, आणि आज जगभरातून लोक ती शिकायला तिथे जातात. 2006मध्ये एपर्सन वारले, केंद्र मुलाने पुढे चालवलं. बाजाराच्या सल्लागाराने हे केंद्र पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी फिडल बंद करून नॅशव्हिलची पहिली चाळीस गाणी लावायला सांगितलं असतं.

'पण हे सगळं आता बोलून काय उपयोग, लोक फोनवर गाणी ऐकतात, जाहिरात फेसबुकवर गेली' असं म्हणणारे भेटतात. जाहिरात गेली हे खरं आहे. ट्रॅक्टरचा विक्रेता, बियाण्याचं दुकान, गावची बँक हे लहान केंद्राचे पोशिंदे. त्यांतलं निम्मं साखळी दुकानांनी गिळलं आणि उरलेल्यांनी इंटरनेट धरलं. पण मग एकत्रीकरणाने तरी काय वाचवलं? क्युम्युलसने नोव्हेंबर 2017मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आयहार्टने मार्च 2018मध्ये, डोक्यावर सुमारे 20 अब्ज डॉलरचं कर्ज असताना. ते कर्ज मायनॉटच्या किंवा माउंट एअरीच्या श्रोत्यांनी गाणी ऐकणं सोडलं म्हणून झालं नव्हतं. मुख्यतः कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतून झालं होतं. व्याज भरायला माणसं कमी केली, माणसं गेली तसं गावाला केंद्र ऐकायचं कारणही गेलं. गाणी कुठेही मिळतात. बुधवारी शाळा भरणार की नाही हे फक्त तिथेच मिळत होतं.

आणि इथे मला सर्वांत जास्त राग येतो तो मुद्दा. मोठ्या कंपन्यांना स्वतःला काही हवं असलं की त्या हटकून लहान गावाला पुढे करतात. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही. जगातल्या बहुतेक लोकशाही देशांत असं नाही. ही गैरसोय दूर करायला 2021मध्ये विधेयक आलं, तेव्हा त्यात लहान केंद्रांची काळजी आधीच घेतलेली होती: वर्षाला 15 लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या लहान मालकांच्या केंद्राने वर्षाकाठी फार तर 500 डॉलर द्यायचे. तरी प्रक्षेपकांच्या संघटनेचा प्रचार काय, तर याने गावचा रेडिओ मरेल. गावचा रेडिओ वर्षाला 500 डॉलरने मरणार होता, आणि गावातून सगळे निवेदक काढल्याने मात्र मरणार नव्हता!

मोटारीतल्या एएम रेडिओचंही तेच. विजेच्या गाड्यांत एएमला खरखर होते म्हणून काही कंपन्यांनी तो काढून टाकला. 2023मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून एएम काढायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. प्रत्येक गाडीत एएम असलाच पाहिजे असं विधेयक डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन टेड क्रूझ या दोन टोकांच्या सिनेटरांनी मिळून आणलं. कारण दिलं आणीबाणीचं आणि ग्रामीण श्रोत्याचं. कारण योग्यच आहे, माझा विधेयकाला पाठिंबाच आहे. पण आणीबाणीसाठी गाडी बनवणाऱ्यावर सक्ती करायची आणि केंद्र चालवणाऱ्याला मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय? सक्तीच्या रेडिओवर आणीबाणीच्या रात्री ध्वनिमुद्रित ऊन पडलेलं ऐकू आलं तर?

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परकं वाटेल, पण प्रश्न परका नाही. अमेरिकेतल्या त्या कायद्याच्या बरोबर वर्षभर आधी, फेब्रुवारी 1995मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्यानंतर खासगी एफएम आलं. पण त्याला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात एवढंच. अमेरिकेने गावच्या रेडिओला मालक कुणीही चालेल म्हटलं, आपण त्याला बातमी नको म्हटलं. दोन्हीकडे गावाच्या वाट्याला गाणीच आली. 2006च्या धोरणाने संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली, आणि माण तालुक्यात म्हसवडला 2008मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी राहिली, दुष्काळी मुलखातल्या बायकांचा आवाज असलेली. पण बातमीची मनाई तिलाही आहे. आणि सरकारी आकाशवाणी तरी? 2023च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून लावायचं ठरलं होतं. पुणेकरांनी आरडाओरडा केला म्हणून निर्णय थांबला. पुण्याकडे ओरडायला आमदार-खासदार आणि वर्तमानपत्रं होती. लहान केंद्रांच्या बाबतीत ओरडायलाही कुणी नसतं, हे अमेरिकेचा दाखला न घेताही आपल्याला कळायला हवं.

पुन्हा तिकडच्या परवान्याकडे. अमेरिकी रेडिओ परवान्यांच्या नूतनीकरणाची पुढची फेरी 2027च्या उन्हाळ्यात सुरू होते. राज्याराज्यांचे गट पाडलेले असतात. पहिल्याच गटात व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया आहेत, मागोमाग दोन्ही कॅरोलायना. म्हणजे कंट्री संगीताचं माहेरच आधी रांगेत उभं राहणार. त्या अर्जात केंद्राच्या मालकी-हक्काबद्दल, दंडांबद्दल, सार्वजनिक नोंदींबद्दल विचारलं जातं. रात्री दोन वाजता गावात या केंद्राचा कोण माणूस असतो, त्याला थेट प्रक्षेपण करता येतं का, आणि पोलिसांकडे त्याचा कुठला क्रमांक आहे, हे तीन प्रश्न तिथे जोडायला संसदेत नवा कायदा करावा लागेलच असं नाही. आयोगाला नियमांतही ते आणता येतील. सहा केंद्रांच्या मालकाला उत्तर देता आलं नाही, तर त्यातलं एक केंद्र गावातल्या एखाद्याला विकायला लावावं. विकत घ्यायला माणूस मिळणार नाही असं कंपन्या म्हणतील. त्यांनी आधी विकायला काढून तर पाहावं.